पहिली किक

कसबा पेठेतले माझे शेजारी एके काळचे नावाजलेले सेंटर फॉरवर्ड. तेव्हा केस केशरी रंगवायचे, गोल मारला की कोलांटउडी घ्यायचे, आणि गोल तर ढिगानं मारले. आता जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबतात. "हाफ टाइम," म्हणतात.

परवा एका स्पर्धेच्या उद्घाटनाला त्यांना पहिली किक मारायला बोलावलं होतं. मी सोबत गेलो. चेंडूपुढे ते नुसतेच उभे राहिले. उजवा पाय उचलेचना. लोक ओरडत होते, "काका, होऊन जाऊ द्या!" शेवटी कसेबसे वाकून त्यांनी चेंडू हातांनी उचलला आणि गोलकीपरला नेऊन दिला.

"गोलकीपरांना जन्मभर छळलं. आज सुरुवात तुम्ही करा."

टाळ्या पडल्या. परतताना माझ्या खांद्यावर सगळा भार टाकत ते पुटपुटले, "हळू चाला हो. लोक बघतायत."