मनुकांचं पातेलं

"ते पातेलं खाली ठेवा," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरावर देवाचा हात पडलाय. प्रभुभोजनाच्या वस्तूंना तुम्ही शिवू नका."

भरल्या चर्चमध्ये म्हणाल्या. पातेलं अजून गरम होतं, मी ते पदराने धरलेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असतं. त्यासाठी काळ्या मनुका उकळायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून रस गाळायचा. द्राक्षरस म्हणून सगळे तोच घेतात. हे काम आधी सासूचं होतं, ती गेल्यावर माझं झालं.

बाई म्हणजे रिटायर हेडमास्तरीण. नवरा चर्च कमिटीचा अध्यक्ष, सासऱ्याचं नाव भिंतीवर संगमरवरात. माझे मालक सुप्याच्या एका कंपनीत शेडवरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. घरात लपलेलं पाप असल्याशिवाय देव असं करत नाही, हा बाईंचा हिशोब.

मी पातेलं ठेवलं. पाळकसाहेब गीताचं पान शोधत राहिले. बाईंनी माझा रस बाहेर लिंबाच्या बुडाशी ओतला आणि दुकानातून सरबताची बाटली आणली.

शिवू नका. हा शब्द आमच्या घराने आधीही ऐकला होता. माझ्या आजीला गावच्या देवळाच्या पायरीवरून असंच हाकललं होतं. म्हणून तर आमचं घर ख्रिस्ती झालं. बाईंचं घरही गावकुसाबाहेरच्या त्याच वस्तीतलं, त्याच कारणाने आलेलं. त्या विसरल्या.

पण खरं सांगते, तेव्हा मला बाईंचं पटलं होतं. मी माझंच पाप शोधत बसले. जावेशी भांडले होते ते, सासूला उलटून बोलले होते ते. सगळ्याची क्षमा मागितली. पडून पडून मालकांच्या पाठीला झालेली जखम तशीच चिघळत होती.

एका सकाळी ती धुताना माझा तोल सुटला. "आरं, ह्यो पडला तवा कुठं हुतास तू? माझं चुकलं तर मला पाड. ह्याला का?" असं मोठ्याने देवालाच विचारलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. हात जोडणं बंद झालं, नुसतं भांडण. शिव्यासुद्धा दिल्या. मालक पालथे पडून ऐकायचे. एकदा म्हणाले, "कुणाशी बोलतीस?"

"देवाशी."

"मग माझंबी सांग. म्हणावं, पाठ लई दुखती."

मी रडले. खूप दिवसांनी रडले. आणि मनात आलं, एवढं बोलले तरी हा देव मला बाहेर काढत नाही. खाली ठेव, शिवू नको, असं म्हणत नाही. उत्तर देत नाही, ते मला सलतंच. पण ऐकून घेतो. बाईंचा देव निराळा आहे. तसल्या देवाला माझ्या आजीने कधीच सोडलं होतं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे? आमच्याकडे साक्ष म्हणजे देवाने काय भलं केलं ते उठून सांगायचं. मी उठले.

"माझा नवरा बरा झाला न्हाई. मी देवावर चिडले हाय, अन् रोज त्याला तसं सांगती. त्यानं मला हाकललं न्हाई. तुमी हाकललं."

"खाली बसा," बाई म्हणाल्या.

"बोलून झाल्यावर बसंन," मी म्हणाले. आणि माझा रस कुठे ओतला तेही सगळ्यांसमोर सांगितलं. मगच बसले.

मालक आता उठणार नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. देवाशी माझं भांडण मिटलेलं नाही. त्याने उत्तर दिल्याशिवाय मी ते मिटवणारही नाही. पण येत्या प्रभुभोजनाला मनुका मीच उकळणार आहे. पातेलं मीच नेणार. बाईंना ते नको असेल तर माझ्या हातातून ओढून घ्यावं लागेल. सांगितलं म्हणून मी ते खाली ठेवणार नाही.