निर्मलाबाई आणि गव्हावरची ज्वारी

निर्मलाबाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. बाईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असं लिहावं की नाही, असं मी सत्कार समितीला विचारलं. खरं असेल तर लिहा, असं उत्तर आलं. म्हणून लिहितो.

ब्राह्मणपुरी गावात माझी पिठाची गिरणी आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी लोणखेड्याच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवणाऱ्या एक बाई पाच पिशव्या घेऊन गिरणीत आल्या. नागली, राजगिरा, भगर, मका आणि धडगावकडचा ‘मोर’ नावाचा बारीक दाणा, प्रत्येकी किलोभर. प्रत्येक धान्य वेगळं दळायचं आणि मध्ये दरवेळी दगड उघडून झाडायचा, अशी त्यांची मागणी होती. मागे दहा-बारा माणसं डबे घेऊन उभी. मी म्हणालो, “बाई, ही गिरणी शे, प्रयोगशाळा नही.” बाई हलल्या नाहीत. “मंग दगड मी झाडस. तू बाजूले व्हय,” म्हणाल्या, आणि पदर खोचून खरोखर कुंचा हातात घेतला. गिऱ्हाइकं हसली. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा येऊ नका, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या.

बाईंचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. लोकांच्या जिभेवर बसलेले पदार्थ आजारी माणसाच्या ताटातून हिसकावून न घेता बदलून द्यायचे, हा त्यांचा ध्यास. आमच्या तापीकाठच्या गावांत ट्रॅक्टर आले, मोटारसायकली आल्या आणि पाठोपाठ घरोघर साखरेचा आजार आला. डॉक्टर सांगतात, हे बंद, ते बंद. माणूस दोन दिवस ऐकतो आणि तिसऱ्या दिवशी वरण आणि उकडून तुपात तळलेली गव्हाची बट्टी, अशा ताटावर बसतो. बाई बंद हा शब्दच वापरत नसत. मला स्वतःला साखर निघाली तेव्हा त्यांनी बट्टीच्या जागी फुनके बसवले. तुरीची भिजवलेली डाळ वाटून, भरपूर मेथी घालून वाफवलेले ते मुटके आम्ही लहानपणापासून कढीबरोबर खात आलो; पण ते तोंडी लावायला. बाईंनी त्यांना ताटाच्या मध्यभागी आणलं आणि भाकरी अर्धी करून कडेला सरकवली. पोट भरतं, हे मला मान्य आहे. बट्टीची सर येते असं मात्र मी म्हणणार नाही, आणि बाईही म्हणत नाहीत.

हा त्यांचा खरेपणा मला पुढे फार उपयोगी पडला.

माझी मुलगी मयूरी सहा वर्षांची असताना वाळत चालली. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, खाल्लेलं अंगी लागेना. अंगारे-धुपारे झाले, नंदुरबारचे डॉक्टर झाले. शेवटी सुरतच्या डॉक्टरांनी निदान केलं: पोरीच्या आतड्याला गहू सोसत नाही, जन्मभर गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. गिरणीवाल्याच्या पोरीला गहू वर्ज्य! दैव तरी कसं थट्टा करतं बघा. मी ज्या बाईंना हाकललं होतं, त्यांच्याच दारात जाऊन उभा राहिलो. जुनं त्यांनी काढलं नाही. पोरीला जवळ बसवून विचारलं, “तुले काय आवडस?” मयूरी म्हणाली, “बट्टी.”

पहिल्या दिवशी त्या बट्टीची कांजी झाली. ज्वारी आणि मक्याचं जाडसर पीठ उकळत्या पाण्यात पडलं आणि विरघळून गेलं. गव्हाला जो चिकटपणा असतो तो या पिठांना नाही, हे बाईंनी मला त्या दिवशी समजावलं. मग त्यांनी पिठाची उकड काढली, तीत शिजवलेल्या उडदाच्या डाळीचा गोळा मळला, उकळण्याऐवजी वाफवलं, थंड झाल्यावर कापून तुपात परतलं. किती वेळा फसलं ते मी मोजलं नाही. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मयूरीने ती वरणात कुस्करून खाल्ली. माझी बायको शोभा आत जाऊन रडली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरचे पुरणाचे मांडे होतात. तेही पोरीसाठी करा, असा शोभाने हट्ट धरला. बाईंनी महिनाभर प्रयत्न केले आणि सरळ सांगितलं, “गहूबिगर मांडा व्हस नही. पोरले खोटं कसाले सांगू?” पुरण मात्र त्यांनी मोराच्या पातळ धिरड्यात भरून दिलं आणि त्याला मांडा म्हणू दिलं नाही. ही धिरडी बाईंनी शोधली असं कोणीतरी एका सभेत म्हणालं, तेव्हा त्या मध्येच उठल्या. जीपमध्ये कोंबून घेऊन धडगावला आपण किती खेपा केल्या आणि तिथल्या कोणत्या बायांच्या चुलीपुढे बसून हे शिकलो, ते त्यांनी नावानिशी सांगितलं. आपण ज्याला गरिबाचं धान्य म्हणून नाकं मुरडली, ते त्या पिढ्यान्‌पिढ्या खात आल्या आहेत, हेही ऐकवलं. सभेला ते रुचलं नाही.

पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. तीन महिने झाले तरी मयूरी सुधारेना. घरात गहू नाही, पोळी नाही, बिस्कीट नाही; फक्त भाकरी आणि बाईंची बट्टी. तरी वजन उतरतच होतं. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय. बाई एके दिवशी घरी आल्या आणि शोभाला समोर बसवून म्हणाल्या, “पोरनं मन मोडाले नको म्हनीसन तू तिले चोरीन पोळी देस का?” शोभा उठून उभी राहिली. “मन्ही पोर शे ती, बाई. मी तिले कसाले मारू?” एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. मलाही बाईंचा राग आला. आणि लिहायला लाज वाटते, पण क्षणभर शोभाचाही संशय आला.

बाई तिथून घरी गेल्या नाहीत. संध्याकाळी गिरणीत येऊन बाकावर बसल्या, माझं दळण बघत राहिल्या. आमच्या धंद्यात एक रीत आहे: गिऱ्हाईक आधी, घरचं दळण शेवटी. दिवसभराचा गहू संपला, माणसं गेली, तेव्हा मी माझ्या पोरीची ज्वारी वर ओतली. पीठ पडू लागताच बाईंनी पहिली मूठ हातावर घेतली. माठातलं पाणी घालून तिची गोळी मळली आणि पाण्याच्या धारेखाली चोळत राहिल्या. पांढरं पाणी वाहून गेलं. तळहातावर रबरासारखा चिकट गोळा उरला.

“हिरालाल, हाई काय शे?”

“ज्वारी.”

“ज्वारी अशी ऱ्हास का?”

दगडांच्या फटीत, कापडी नळीत दिवसभराचा गहू बसलेला असतो. नंतर दळलेल्या धान्याबरोबर तो उतरतो, हे गिरणीवाल्याला कोणी शिकवायला लागत नाही. आपल्याच पोरीच्या भाकरीत मी तो रोज कालवत होतो. वर पिठाने पांढराफटक होऊन घरी जायचो आणि तिला उचलून तिचे मुके घ्यायचो. मी खाली बसलो. बाईही शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “गिरणीवालाना घरनं पीठ सगळासमा चोखं राही, असं माले वाटनं. मी इचारंच नही.”

त्या तशाच ओल्या हातांनी आमच्या घरी गेल्या. शोभा बोलायला तयार नव्हती. सत्तावन्न वर्षांच्या, अर्ध्या तालुक्याच्या मुलींना शिकवलेल्या बाईंनी शेजारणींच्या देखत तिच्यापुढे हात जोडले. “मन्ही चूक व्हयनी, माय. माले माफ कर.” मोठी माणसं एकांतात चूक कबूल करतात, तीही क्वचित. चारचौघांत आरोप झाला नव्हता, तरी माफी चारचौघांत मागितली. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले, असं माणूस पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातून एक लहान, नवीकोरी घरगुती चक्की आली. ती आजही आमच्या मागच्या पडवीत आहे आणि तिने गहू पाहिलेला नाही. मला हुकूम मिळाला: “आधी आंघोळ, मंग पोर.” महिन्या-दीड महिन्याने एका दुपारी मयूरीने रिकामं ताट पुढे केलं, “माय, आखो दे.” शोभाच्या हातातला डाव तसाच राहिला. पोरगी जगणार, हे आम्हाला तेव्हा कळलं.

अमृतमहोत्सवाच्या समितीने बाईंना जेवणाचा बेत विचारला. पुऱ्या, शिरा, नेहमीचंच ठरत होतं. लग्नाकार्यात मयूरी कायम घरचा डबा घेऊन कोपऱ्यात जेवत आली, आणि तिच्यासारखी मुलं तालुक्यात आता बरीच निघाली आहेत. बाई म्हणाल्या, “मन्ही पंगत शे ना? मंग त्या दिनले येक बी पोर डबा लई येवाव नही.” त्यामुळे वाचकहो, त्या दिवशी पुरी नाही, आधीच सांगून ठेवतो. कुरकुर करायची असेल त्याने माझ्याकडे करावी.

आता शुभेच्छा. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य मिळो, असं या ग्रंथात प्रत्येकजण मनापासून लिहील. माझं मागणं स्वार्थाचं आहे. मयूरी आता चोवीस वर्षांची आहे, नवापूरला नांदते, तिला पाचवा महिना लागला आहे. हे दुखणं रक्तातून उतरू शकतं, असं डॉक्टर सांगतात. बाळाला गहू सोसतो की नाही, हे कळायला वर्ष-दोन वर्षं जातील. रात्री माझ्या मनात तेच येतं आणि पाठोपाठ बाई येतात, म्हणून झोप लागते. तेव्हा बाई, पंचाहत्तरी झाली म्हणजे सुटले, असं समजू नका. तब्येत सांभाळा. आम्हाला अजून तुम्ही लागणार आहात.