पट्टी कुणाच्या हातात

“हे नशीब नाही, नंबर आहे,” भंडाऱ्याचे डोळ्यांचे डॉक्टर माझ्या सासूबाईंना म्हणाले. माझी रेवा तेव्हा वर्षाचीही नव्हती. तिचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. सासूबाई आमच्या मोहाडी गावभर सांगत, “तिरळी पोर भाग्याची रायते, दवाखाना नोको करू.”

मला कसलं भाग्य! मी जळत होते धाकट्या जावेवर. शीतलचा मुलगा रेवाच्याच वयाचा, आणि कसा टकमक बघायचा आईकडे. माझी लेक बघायची तर एक डोळा माझ्याकडे, दुसरा भलतीकडे. अंगाची नुसती आग व्हायची.

तुमच्या बाळाचं असं दिसलं तर थांबू नका. तपासणीसाठी बाळाला बोलता यावं लागत नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि उजेड पाडून नंबर काढतात. रेवाला प्लसचा मोठा नंबर निघाला. नीट दिसावं म्हणून डोळा जोर लावतो आणि आत वळतो, त्याला ‘स्क्विंट’ म्हणतात. वळलेल्या डोळ्याचं बघणं मेंदू हळूहळू सोडून देतो, तो ‘लेझी आय’, आळशी डोळा.

“आता हयगय केली तर पुढे चष्म्यानेही या डोळ्याला नीट दिसणार नाही,” डॉक्टर म्हणाले. चष्मा दिला, आणि आळशी डोळा कामाला लागावा म्हणून रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी.

चष्म्याची सवय झाली. पट्टीची नाही. मी चिकटवायची, ती ओरबाडायची, आणि हात पसरून जायची शीतलकडे. शीतल तिला कडेवर घेऊन धानाच्या बांधीकडे फिरवून आणायची. लेक माझी आणि माझं तोंड दिसलं की मान फिरवायची. शीतलच्या हातची भाजीसुद्धा मला गोड लागेना.

एका दुपारी पोटातलं ओठावर आलं. “तुले काय, लाड कराले भेटते. दुश्मन तं मी झाली न.”

शीतल तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. “द्या ते पट्टी. आजपासून मी लावतो. मले म्हणू द्या दुश्मन.”

मग उलटं झालं. शीतल दिसली की रेवा माझ्या कुशीत तोंड लपवायची. मी सुखावले, अगदी पोटभर. पण एकदा रेवाने तिला झिडकारलं तेव्हा रिकामे हात पदराला पुसत शीतल म्हणाली, “तुमचं बरं हाय ताई आता.” त्या आवाजातलं जळणं मी लगेच ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून ठरलं, एक दिवस तिने लावायची, एक दिवस मी.

नंबर अजून आहे, पट्टीही आहे. रेवा आता चालते. काल माझी पाळी होती. दारातूनच तिने चष्म्याआडून माझा पट्टीचा हात पाहिला, मग माझं तोंड पाहिलं, आणि भोकाड पसरून शीतलकडे पळाली.

शीतलने तिला उचललं आणि माझ्याकडे बघून हसली. “पायलं का ताई? दोनही डोये सरळ होते.”

पाहिलं होतं. जळायचं राहूनच गेलं.