भाचीच्या मागे उभा राहिलेला मामा

ती तक्रार विसरीन म्हटलं तरी विसरता येत नाही. उमेदीची सगळी वर्षं खाकीत गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, उसाच्या फडातल्या मारामाऱ्या तर रोजच्याच. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण एका नर्स मुलीचं परदेशी जाणं ज्या प्रकरणात मोडलं, ते डोक्यातून जात नाही. गुन्हा उघडकीला आला, आरोपी सापडले, वरिष्ठांनी पाठही थोपटली. तरी आठवलं की जीव हळहळतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं इथलीच आहेत आणि त्यांना इथंच राहायचं आहे.

त्या वेळी मी इस्लामपूरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, ड्यूट्या वाटून झाल्या होत्या, आणि मी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभा राहून स्टेशन डायरी चाळत होतो. तेवढ्यात पायऱ्यांवरूनच चढा आवाज आला. म्हसवडकडचा एक शेतकरी होता, बहीण आमच्या हद्दीतल्या गावात दिलेली. परीटघडीचे कपडे, डोक्याला पटका, आणि चेहरा असा, की जणू कुणी याच्या घरावर दरोडा घातलाय.

"सायब, माज्या भाचीचं लगीन झालं आन् मला पत्त्या न्हाई. ह्येची तक्रार घ्या."

अंमलदारानं हसू लपवायला रजिस्टर तोंडापुढं धरलं. मी म्हटलं, "मामा, हे मानापानाचं झालं. आम्ही इथं चोऱ्यामाऱ्या बघतो. घरी जाऊन भांडा."

"आवं, भांडूनच आलोय न्हवं!" त्यानं खिशातून मोबाइल काढला. भाचीच्या कुण्या मैत्रिणीनं व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लग्नाचा फोटो ठेवला होता, तो फिरत फिरत याच्याकडं पोचला होता. "ह्यो बगा. ही नवरी माजी भाची. आन् तिच्या मागं ह्यो मिशाळ हुबा हाय, त्यो कोण? मामा तर मी हाय की!"

मंगलाष्टकांना नवरीच्या मागं मामा उभा राहतो. आपल्याकडं तो त्याचा हक्क. लग्नात बाकी कुणाला विसराल, पण मामाला विसरून चालत नाही. हा तर सख्खा, एकुलता एक मामा, जिवंत आणि धडधाकट. मी विचारलं, "बहिणीनं काय सांगितलं मग?"

"ती म्हंती, दादा, ह्ये काय खरं लगीन न्हवं, ह्ये फाइलीसाठी हाय. खरं उन्हाळ्यात करू, तवा तुला मानानं बलवू. फाइलीचं लगीन कसलं सायब? मी जल्मात ऐकलं न्हाई."

मीही ऐकलं नव्हतं. त्याला चहा पाजला, खाली बसवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. रुसलेला नातेवाईक कितीही चक्रम वाटला तरी त्याचं पूर्ण ऐकावं. त्याला जे खुपतं, ते बहुधा कुठंतरी खरंच बोचरं असतं.

दोन दिवसांत गोपनीय चौकशीतून माहिती आली. मुलगी सांगलीतल्या एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स होती. वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस, खाऊनपिऊन सुखी घर. पोरगी हुशार. इंग्रजीच्या परीक्षेत वरचे मार्क मिळवलेले, नर्सिंगची पदवी ऑस्ट्रेलियातल्या संस्थेकडून तपासून, मान्य करून घेतलेली. लहानपणापासून एकच ध्यास, तिकडं जाऊन नर्स व्हायचं. आमच्या ठाण्यात पासपोर्टचं काम बघणाऱ्या हवालदाराला ती आठवली. "साहेब, पोलीस क्लिअरन्ससाठी आली होती. नवऱ्याचं नाव लावून." नवरा साताऱ्याकडचा, पुण्यात इंजिनिअर. दोघांची एकच फाइल, मुख्य अर्जदार नवरा, सांगलीतल्या एका व्हिसा एजंटानं केलेली.

आता मला ते व्हिसाचं शास्त्र शिकणं भाग पडलं. आमच्या एका शिपायाचा भाऊ तिकडं होता, त्यानं फोनवर समजावलं. हुन्नर असलेल्या माणसाला कौशल्याच्या जोरावर व्हिसा मिळतो, त्यासाठी वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांचे पॉइंट मोजतात. नवराबायकोपैकी एक जण आधीच तिकडं स्थायिक असेल तर दुसऱ्याला जोडीदाराचा वेगळा व्हिसा असतो. आणि तिसरी गंमत अशी, की कौशल्याच्या अर्जात बायकोही शिकलेली, इंग्रजी येणारी असली, तर नवऱ्याला तिच्यामुळं जादा पॉइंट मिळतात. दोघं एकाच फाइलीत जातात. मात्र लग्न खरं पाहिजे. त्यासाठी फोटो, एकत्र बँक खातं, राहत्या घराचा करार, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं असं सगळं जोडावं लागतं.

म्हणजे त्या इंजिनिअरचे पॉइंट कमी पडत होते, हे उघड होतं. पण मुलीकडच्यांना हे ठाऊक होतं का? ते कळायला मिशाळ मामा सापडणं गरजेचं होतं.

तो सापडायला फार कष्ट पडले नाहीत. असली मिशी लपत नाही. बाजाराच्या बंदोबस्ताला जाणाऱ्या आमच्या हवालदारानं फोटो पाहिला आणि मांडीवर थाप मारली. "हा तर बैलबाजारातला दलाल!" दुसऱ्या दिवशी तो माझ्यापुढं उभा होता, आणि बिलकूल घाबरलेला नव्हता.

"सायब, मामा म्हनून हुबा ऱ्हायलो, ह्यात चोरी कसली?"

"किती जणींचा मामा झालास आजवर?"

"त्ये काय मोजलंय व्हय? फेटा बांदायचा, हुबं ऱ्हायाचं, जेवायचं आन् घरला यायाचं. पुण्य लागतं की."

"आणि सही?"

इथं त्याची मिशी जरा हलली. "त्ये एजंट म्हनलं, मामाची सही लागती. मी केली. आमाला कुटं वाचाय येतंय इंग्रजी?"

तेवढं पुरेसं होतं. खऱ्या मामाची रीतसर फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि पंचांना घेऊन एजंटाच्या ऑफिसची झडती घेतली. काचेचं दार, टेबलावर पृथ्वीचा गोल, भिंतीवर समुद्राकाठच्या इमारती. कपाटात लग्नाचे अल्बम होते. वेगवेगळ्या नवऱ्या, वेगवेगळे नवरदेव, आणि प्रत्येक नवरीच्या मागं आमचा हाच बैलबाजारवाला. फेटा तेवढा बदललेला. कधी लाल, कधी गुलाबी. पंचांपैकी एक जण खो खो हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू? भाचीच्या फाइलीतल्या प्रतिज्ञापत्राचं मराठी करून मी दलालाला वाचून दाखवलं, "मी वधूचा सख्खा मामा असून दोघांचा संसार जवळून पाहत आहे." तेव्हा मात्र त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "आवं सायब, सख्खा कवा म्हनलो मी?"

एजंट तिशीतला, गोडबोल्या. कोठडीत त्याचा तोरा दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बोलू लागला, आणि मग थांबेचना. मी विचारलं, "बाबा रे, एवढं सगळं खोटं केलंस, मग तो मामा कशाला उभा केलास? त्याच्यामुळंच तर अडकलास."

"साहेब, मामा नसला तर लग्न लग्न वाटत नाही. फोटो बघणाऱ्यांत तिकडं एखादा आपल्यातला असला म्हणजे?" हे त्यानं अगदी मनापासून सांगितलं. खरा मामा बोलावला असता तर सगळा गोतावळा आला असता, बोभाटा झाला असता. म्हणून भाड्याचा; मुलीच्या घरच्यांना त्यानं तो फोटोपुरता म्हणून पटवला होता.

मग मूळ मुद्द्यावर आलो. "मुलीला काय सांगितलं होतंस?"

"मुलीच्या घरच्यांना सांगितलं, फाइलीची मुदत जवळ आलीय, आत्ता घाईत अक्षता टाकून नोंदणी करून घेऊ, मोठं लग्न उन्हाळ्यात करा."

"आणि मुलाला?"

"मुलाला सांगितलं, हे कागदावरचं आहे. तिकडं पोचलात की वेगळं व्हा."

एकाच मांडवात, एकाच अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. माझा हात शिवशिवला, पण मी तो आवरला. तो मागं सरकला आणि घाईनं बोलू लागला.

"साहेब, रागावू नका. पहिल्याच दिवशी मी तिच्या वडिलांना सांगितलं होतं की मुलीला एकटीला व्हिसा मिळतोय. तिचे पॉइंट पुरे आहेत, तिकडं नर्सना मागणी आहे. लग्नाची काही गरजच नाही. ते म्हणाले, बिनलग्नाची पोरगी एकटी परदेशात पाठवायची नाही. आधी सोबत बघा. म्हणून मी सोबत बघितली."

हे खरं असेल यावर माझा विश्वास बसेना. मी मुलीच्या वडिलांना बोलावून विचारलं. ताठ कण्याचा माणूस, खुर्चीवर बसतानाही सावधानमध्ये बसल्यासारखा. "हां साब, बोलला हुता तो," ते म्हणाले. "पण तुमीच सांगा, तरणीताठी पोर, सात समुद्रापार, एकटी. भावकी काय म्हनली असती? मी स्वतः वीस जागी पोस्टिंगला गेलोय, दुनिया बघितलीय. दुनिया बघितलीय म्हनूनच धाडली न्हाई." त्यात लबाडी नव्हती. भीती होती, माया होती, आणि भावकी होती.

इंजिनिअर वकील घेऊन हजर झाला. जबाबात त्यानं सरळ सांगितलं, माझं दुसऱ्या मुलीशी ठरलंय, हिच्याशी माझा संबंध नाही, मला सगळं कागदावरचं म्हणून सांगितलं होतं. असल्या निर्लज्जपणाची मला नोकरीत सवय होती. पण हेच वाक्य त्या मुलीला सांगायची वेळ आली, तेव्हा मी दोनदा घोटभर पाणी प्यायलो.

ती ड्यूटीवरून थेट आली होती. गळ्यात मंगळसूत्र. शेजारी महिला पोलीस बसवली होती. मी जमेल तितक्या हळू शब्दांत सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, अक्षता माझ्या डोक्यावर पडल्या. मी त्याच्या नावानं उपवास धरले. मग माझं लग्न झालंय की नाही, तेवढं सांगा."

नोंदणी झाली होती, म्हणजे कायद्यानं झालं होतं. नवरा म्हणत होता, झालंच नाही. मी म्हटलं, "कोर्टात जावं लागेल, बाळ."

"आणि माझा व्हिसा?"

त्याचंही उत्तर वाईटच होतं. फाइलीत दोघांच्या सह्या होत्या. तिकडच्या नियमात खोटी माहिती म्हणजे खोटी माहिती, दिली कुणी आणि फसलं कोण हे फारसं बघत नाहीत. ही मुलगी स्वतः फसवली गेली आहे असं मी योग्य त्या मार्गानं कळवलं. काही उपयोग झाला नाही. अर्ज फेटाळला, वर काही वर्षं नवीन अर्जाला बंदी. एकटीनं अर्ज केला असता तर ती एव्हाना तिकडच्या एखाद्या वॉर्डात उभी असती.

दोषारोपपत्र गेल्यावर एक दिवस तो म्हसवडचा मामा पुन्हा आला. या वेळी आवाज चढा नव्हता. ठाण्याच्या बाकावर पटका मांडीवर घेऊन बसला. "सायब, तक्रार मागं घेता येती का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मला निस्ता मान पायजे हुता. पोरीचं वाटोळं न्हवतं करायचं वो." मी त्याला समजावलं की तुम्ही बोलला नसता तरी ती तिकडं जाऊन परक्या मुलखात रस्त्यावर आली असती. त्याला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते पुरतं पटलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर बायकोच्या शस्त्रक्रियेसाठी सांगलीला गेलो, तेव्हा वॉर्डात ती भेटली. आता सिस्टर इन्चार्ज झाली होती. हात हलका, बोलणं मोजकं, सगळा वॉर्ड तिच्या शब्दावर चालायचा. घटस्फोट मिळाला होता. न झालेल्या संसाराचा घटस्फोट, पण स्थळांच्या चिठ्ठीवर शिक्का घटस्फोटितेचाच. बंदीही उठली होती. मी विचारलं, "मग आता?" ती म्हणाली, "वय वाढलं की पॉइंट कमी होतात, साहेब. तरी अजून बसतंय काठावर. अर्ज करायचा म्हटलं तर होईल."

लोक मला विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. एजंटांपासून सावध राहा, हे मी सांगतोच. त्या एजंटाला शिक्षा झाली, बरंच झालं. पण चोर घरात शिरतो तो कुठंतरी कडी उघडी राहिलेली असते म्हणून. इथं ती कडी चांगल्या माणसांनी, पोरीवरच्या मायेनं उघडी ठेवली होती. त्याला कुठलं कलम लावायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी तिची ड्यूटी संपली तेव्हा तिचे वडील मोटारसायकल घेऊन खाली उभे होते. रोजच येतात म्हणे. मला ओळखलं, कडक सॅल्यूट ठोकला. म्हणाले, "साब, पोर लय गुणाची. फकस्त सोबत चांगली मिळाली न्हाई तिला. आता परत बघतोय एक स्थळ, तिकडंच असतो पोरगा."

ती पर्स सावरत उभी होती. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला मी ऐकला. "सोबत मागितली कुणी होती, बाबा? मी जाते माझी. आज एसटीनं घरीसुद्धा जाते."

वडिलांनी गाडीला किक मारली आणि मागची सीट हातानं पुसली.

"चल, बस," ते म्हणाले. "उशीर झालाय. एकटी कशी जाशील?"

ती माझ्याकडं बघून कसंनुसं हसली आणि मागं बसली.