रिलीव्हर येईपर्यंत

जगातला सगळ्यांत भारी गिटारवादक कोण, यावर महाडच्या औद्योगिक वसाहतीत भांडणारी माणसं दोनच होती. एक मी आणि दुसरा माझा रिलीव्हर. आता मी एकटाच उरलोय, आणि एकट्याने वाद घालता येत नाही. करून पाहिलंय.

रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीला माझी जागा घेणारा. औषधांच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरमध्ये माल शिजत असतो, तो वाऱ्यावर सोडून निघता येत नाही. पुढचा माणूस समोर येऊन उभा राहिला, तापमान किती, दाब किती, कुठला व्हॉल्व्ह उघडाय हे त्याला सांगितलं, की मग आपली सुटका. याला आम्ही चार्ज देणं म्हणतो. आमच्या पाळ्या बदलायच्या त्या एकमेकांना धरूनच, आणि सुट्टीचे वारही वेगळे. मी सुटलो की तो अडकायचा. त्यामुळे आमची सगळी मैत्री त्या चार्ज देण्याच्या दहा मिनिटांत झाली. बाहेर कधी एकत्र चहा प्यायल्याचं मला आठवत नाही.

सुरुवात त्यानेच केली. मी उभ्या-उभ्या रेलिंगवर डाव्या हाताची बोटं चालवत होतो. तो आला, बघितलं आणि म्हणाला, “गिटार शिकतोस काय रे?” मला इतका आनंद झाला की मी दाब सांगायचा विसरलो. आमच्या गावी, कुडपणला मी गिटार घेऊन गेलो होतो तेव्हा बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली होती आणि विचारलं होतं, “सहा तारा कशाला? एकतारीवर भागत नाय?” आणि इथे एका माणसाने नुसती बोटं बघून ओळखलं होतं.

माझा माणूस वेगाचा. दोन्ही हातांची बोटं दांडीवर अशी पळवायचा की कुठला सूर कुठल्या बोटाचा ते कळू नये. माझ्या मते तोच मोठा, कारण तसं दुसऱ्या कुणाला जमत नाही. रिलीव्हरचा माणूस म्हातारा, सावकाश वाजवणारा. एक तार ओढून सूर वर न्यायचा, तिथेच धरून ठेवायचा, मग सोडून द्यायचा आणि चक्क गप्प बसायचा.

“त्याला मधेच डुलकी लागते,” मी म्हणायचो.

“डुलकी नाय रे. ऐकतो तो.”

“काय ऐकतो? वाजवतोय कोण?”

“अ‍ॅजिटेटर फुल स्पीडला सोडला म्हणून बॅच चांगली होते काय? फेस येतो नुसता. तुझा माणूस म्हणजे फेस.”

अ‍ॅजिटेटर म्हणजे रिअ‍ॅक्टरमधला माल घुसळणारी रवी. मी चिडायचो. घरी जाताना बसमध्ये उत्तरं सुचायची, ती दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायचो. कधी त्याला तिसराच कुणी सापडायचा. मागे उभा राहून जन्मभर नुसता ठेका धरणारा, एकदाही पुढे न आलेला. “हा खरा ऑपरेटर,” तो म्हणायचा. तेवढ्यात बस हॉर्न द्यायची आणि वाद उद्यावर जायचा. बिरवाडीच्या खोलीत माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, पण हा उद्या होता.

खोलीवर मी वाजवायचो तेव्हा आमच्या धंद्याची शिक्षा कळायची. तारा दाबून बोटांना घट्टे पडावे लागतात, तरच सूर साफ येतो. मी घट्टे कमवायचो आणि पाळीभर रबरी हातमोज्यात घाम येऊन बोटं चहात बुडवलेल्या पावासारखी व्हायची. पुन्हा पहिल्यापासून. त्याला सांगितलं तर हसला. “मग सावकाश वाजव. तेवढ्याला घट्टे पुरतात.”

तो खाडीकडच्या गावातला. घरातले सगळे पुरुष आखातात, तोही काही वर्षं राहून आलेला. आईचं आजारपण निस्तरायला परतला होता. आई बरी झाली आणि एके दिवशी चार्ज घेता घेता त्याने सांगितलं, व्हिसा आलाय. मी म्हटलं, “अरे वा!” आणि घरी येऊन काही न खाता पडून राहिलो.

नोकरी सोडताना तो म्हणाला, “जायच्या आधी एकदा ऐकव रे. नुसतंच बोललो आपण.” ठरलं. निघायच्या दिवशी मुंबईची गाडी त्याला बिरवाडीच्या नाक्यावरूनच घेणार होती. त्याआधी दुपारी तो माझ्या खोलीवर येणार, मी तोपर्यंत पहिली पाळी करून पोचणार. मी जीव तोडून सराव केला. वेगाचाच तुकडा बसवला होता. जगातल्या एका माणसाने आपलं वाजवणं ऐकावं आणि मान हलवावी, एवढंच मला हवं होतं. होकाराची हलवली असती किंवा नकाराची, काहीही चाललं असतं.

त्या दिवशी माझा रिलीव्हर आला नाही. म्हणजे त्याच्या जागी ज्याला टाकलं होतं तो. येईल पाच-दहा मिनिटांत म्हणून मी सुटणाऱ्यांपैकी कुणाकडे निरोपही दिला नाही. बस गेली. फोन आत नेता येत नाही, तो गेटवर जमा. इन-चार्ज म्हणाला, नंबर सांग, मी गेटवरून लावतो. नंबर कुणाला पाठ असतो? रिअ‍ॅक्टर गरम होता. मी तापमान बघत उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या काट्याला आईवरून शिवी दिली.

सुटलो तेव्हा अंधार पडला होता. मोटरसायकल मागून घेतली आणि खोलीवर आलो. घरमालकीण काकू ओट्यावर बसल्या होत्या.

“तुझा दोस्त येऊन गेला. मीच खोली उघडून दिली,” त्या म्हणाल्या. “मस्त वाजवतो रे तो!”

“कोण वाजवतो?”

“तो. दुसरा कोन? तुझीच घेऊन बसला हुता.”

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो. एवढ्या दिवसांत त्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. काय वाजवलं म्हणून काकूंना विचारलं. त्या काय सांगणार? “वाजवी नि थांबं. मला वाटं संपला, तं परत सुरू.”

“त्याला तेच आवडतं काकू. थांबत थांबत वाजवणं.”

“आवडतं कसलं?” काकू म्हणाल्या. “रस्त्याला गाडी वाजली का थांबं. तू आलास काय म्हनून कान देई. गाडी पुढं गेली का परत वाजवी. लय येळ बसला बिचारा.”

नंतर फोनवर मी त्याला विचारलं. आखातातल्या पहिल्या फेरीत खोलीतल्या एका गोवेकराची गिटार होती, तिच्यावर शिकलो, म्हणाला. आधी का नाही सांगितलंस? “तू वाजवनारा, मी ऐकनारा. बरं चाललेलं की,” तो हसला. आता त्याच्या पाळ्या वेगळ्या, तिथली वेळ वेगळी. फोन कमी होत होत सणासुदीवर आलाय.

वेगाचा तुकडा मी सोडून दिला. संध्याकाळी दार उघडं ठेवून सावकाश वाजवतो, थांबतो. पाळी सुटलेली असते, रस्त्याने मोटरसायकली येत असतात. एकेक गाडी जवळ येते, पुढे निघून जाते, आणि मी परत वाजवायला लागतो.