मनकर्णाबाईंची किटली

मनकर्णाबाईंच्या हातचा चहा आमच्या गल्लीत सगळ्यांनी प्यायला होता, पण त्यांच्या घरी जाऊन कुणी पीत नसे. हे असं का होतं ते सांगताना मला गल्लीची लाज वाटते, आणि माझी तर जास्तच वाटते.

मयत झालेल्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजाऱ्यांनी भाकरी द्यायची, चहा द्यायचा. गुलमंडीमागच्या आमच्या गल्लीत हिंदू-मुसलमान दोघंही ही रीत पाळत. पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी मनकर्णाबाई नवऱ्याबरोबर पैठणकडून इथे राहायला आल्या, आणि महिन्याभरात नवरा पटकीने गेला. बाई नवीन, त्यात पटकीचं घर. गल्लीतलं एक माणूस फिरकलं नाही. दोन दिवस त्या विझलेल्या चुलीपुढे उपाशी बसून होत्या. तेव्हापासून गल्लीत कुणीही गेलं की पहिली किटली मनकर्णाबाईंची.

चहा त्या नीट करत. सुंठ, वेलदोडे आणि दोन मिरे खलबत्त्यात कुटायचे. मोरीच्या पाण्यावर वाढवलेल्या गवती चहाची चार पाती तोडून टाकायची. चहापूड घालून पाणी लाल होऊन निम्मं आटलं की म्हशीचं दूध ओतायचं आणि तीन उकळ्या येऊ द्यायच्या. दुःखाच्या घरी कोरा चहा चालेल असं कुणी सुचवलं, तर त्या त्याला झापत. उपाशी पोटाला कोरा चहा जाळतो, असं त्यांचं म्हणणं. साखरही तिथे चमचाभर जास्त.

आमचे वडील, नानासाहेब, गेले त्या दिवशी मी त्यांचा चहा तीन कप प्यायलो. तिसऱ्या कपाला मला रडू फुटलं, तोवर फुटलं नव्हतं. वर्षभराने मला कलेक्टर कचेरीत नोकरी लागली. बाईंनी दारातून हाक मारली आणि च्या टाकते, ये म्हणाल्या. मी घाईत असल्याची थाप मारली. घाई कसली? चांगल्या दिवशी मयताच्या घरचा चहा कशाला, एवढंच मनात आलं. मीच काय, सगळी गल्ली असंच करायची. सकाळी किटली धुताना त्या दिसल्या तरी बायका तोंड फिरवत. किटली निघाली की कुणीतरी जातं, असं बोललं जायचं. खरं तर कुणीतरी गेल्यावरच किटली निघायची. पण उलटी गंगा वाहवायला आमच्या गल्लीला कुणी शिकवायला नको.

बाईंना दुसरं काही नको होतं. साध्या दिवशी कुणीतरी आपल्या घरी येऊन बसावं आणि आपला चहा प्यावा, इतकंच.

तसं एक माणूस होतं. पलीकडच्या घरातली नजमुन्निसा. तिचा नवरा इब्राहीम बुकबाइंडर होता, तो वारला तेव्हा बाईंनी तीन दिवस किटली नेली. त्यानंतर रोज दुपारी नजमुन्निसा लेकीला, हसीनाला, घेऊन बाईंकडे येऊ लागली. भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू यायचं. पाच वर्षं हे चाललं.

मग हसीनाला मुदतीचा ताप आला. नऊ वर्षांची पोर, अठराव्या दिवशी आईलाही ओळखेना. नजमुन्निसाने दोन दिवस तोंडात काही घेतलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी चहा केला, सुंठ जास्त घातली, किटली पदराखाली धरून निघाल्या. मी ओट्यावर दाढी करत होतो, शेजारी माझी दोन पोरं खेळत होती. सगळी गल्ली दारात येऊन बघू लागली.

नजमुन्निसाने दार अर्धंच उघडलं.

"बाई, नक्को," ती म्हणाली. "आज किटली घेऊन तुम्ही आत नक्को येऊ."

"अगं, लेकराला नाय. तुझ्यासाठी आणला."

"मला ठाव हाय बाई. पण लेक एकच हाय माझी."

दार लागलं. बाई चहा गटारीत ओतून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी हसीनाचा ताप उतरला. सकाळी तिने आईकडे पाणी मागितलं.

पोर वाचली याचा मला आनंदच झाला. पण गल्लीला हवा होता तो पुरावा मिळाला. किटली उंबऱ्यावरून परत गेली म्हणून पोर जगली, हे सांगताना सारजाबाई गुरवीण तर हात जोडायची. मला वाटलं, निदान नजमुन्निसा तरी हे मानणार नाही. तिनेही मानलं. आठवड्याने ती बाईंच्या दारापर्यंत आली, उंबऱ्याबाहेरूनच माफी मागितली आणि रडत परत गेली. दुपारचं येणं बंद झालं.

पुढच्या महिन्यात गल्लीतल्या बद्रीनाथची आई वारली. किटली आली नाही. दुपारपर्यंत माणसं कोरड्या घशाने बसली, मग मला बाईंकडे पाठवलं. बाई शेगडीपाशी बसल्या होत्या, शेगडीत राखसुद्धा नव्हती. चहा सोडलाय म्हणाल्या, स्वतःपुरताही करत नाहीत.

मी आत गेलो, पाट ओढून बसलो. सांगितलं, मयताकडचं राहू द्या. मला इथंच, तुमच्या घरी कपभर चहा करून द्या, मला प्यायचाय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेनं माझ्याकडे कुणी पाहिलं नसेल.

"नाय रे," त्या म्हणाल्या. "तुला लेकरंबाळं हायत. जा, घरी जा."

मी उठेपर्यंत त्या दाराकडे हात करून बसल्या होत्या.