पाय नसलेली बाई

मेव्हण्यांनी दुबईहून आणलेला कॅमेऱ्याचा मोबाईल माझ्या हाती आला, तेव्हा मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. रत्नागिरीत ब्लूटूथवरून एकमेकांना क्लिपा द्यायचं वेड नुकतंच लागलं होतं. मी आणि माझा एक मित्र भुताच्या क्लिपा करायचो. मला त्यातलं कळायचं, हे आजही छातीठोकपणे सांगतो. भूत नीट दाखवायचं नाही. हात हलला पाहिजे, धाप ऐकू आली पाहिजे, मध्येच लेन्सवर बोट यायला हवं, आणि बघणारा पुढे झुकला की बंद करायचं.

आमच्या खाडीत एक विधवा बाई ओहोटीला चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची आणि पाटी घेऊन दारोदार विकायची. त्यावर तिचं एकटीचं पोट चालायचं. एकदा तिन्हीसांजेला ती गुडघ्यांपर्यंत चिखलात रुतलेली असताना आम्ही तिला बांधावरून पाठमोरी टिपली. पाय दिसतच नव्हते, म्हणजे अर्धं काम तिनंच करून ठेवलं होतं. मित्र धापा टाकत म्हणाला, "हिला पाय नायत रे." मोबाईल चालू ठेवून मी पळत सुटलो.

आठवड्याभरात क्लिप गुहागरपर्यंत गेली आणि मी हवेत तरंगू लागलो. पण गावातल्यांनी तिच्या पाठीचा बाक ओळखला, पाटी ओळखली. आधी चेष्टा झाली, मग बायका तिच्याकडून काही घेईनाशा झाल्या. कुणाची सून गरोदर, कुणाचं मूल रात्रभर रडतंय. ती हाडामांसाची आहे हे घरोघर ठाऊक होतं. तरी कशाला उगाच, असं म्हणत दारं लागली.

क्लिप कुणी काढली ते कळल्यावर ती आमच्या अंगणात आली. शिव्या खायची मी तयारी ठेवली होती. तिनं एकच मागितलं. "बाबू, माजा आनकी एक काड. उजेडात. पाय दिसले पायजेत."

भर दुपारी तिनं पाय धुतले, लुगडं घोट्यांवर धरलं आणि मोबाईलकडे बघत स्वतःचं नाव सांगितलं. तिसऱ्या ताज्या आहेत, असंही म्हणाली. मित्राला हसू आवरेना. मीही हसलोच. ती क्लिप कुणी घेईना. यात आहे काय, असं सगळे विचारायचे. चार दिवसांनी मेमरी भरली तेव्हा मी ती पुसून टाकली.

पुढच्या ओहोटीनंतर ती भरलेली पाटी घेऊन आली.

"पोचला काय सगल्यांकडं?"

"पोचला."

तिचा चेहरा उजळला. मला दया आली नाही. इतका विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा राग येतो, तसा राग आला. ती शेजारच्या घराकडे वळली. तिथे बाळंतपणाला लेक आली होती, त्यामुळे दार उघडणार नाही हे मला माहीत होतं. ती कडी वाजवत उभी राहिली, आणि तिला पाठमोरी टिपायला मी खिशातून मोबाईल काढला.